सडा, माळ, मड्डी आणि 'सडेकर'

पाणंद:
खानापूर तालुक्यातल्या एका जुन्या खरेदीखतात पूर्वेच्या चतुःसीमेला नुसतं 'सडा' लिहिलंय. बेळगावात सडा म्हटलं की दारात शिंपडतात तोच. जमिनीला सडा म्हणजे काय? आणि सडेकर म्हणजे चोर्ल्याकडच्या सडा गावचेच का?

चंदगडी:
शिंपायचा सडा वेगळा ओ. जमिनीचा सडा म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट, उघडं पठार. कुठं बोटभर माती, कुठं निव्वळ कातळ, त्यामुळं नांगर लागत नाही. पाऊस जांभ्याच्या भोकांतून मुरतो, खालच्या चिकट मातीवर अडतो आणि सड्याच्या काठाखाली झरा होऊन निघतो. म्हणून घरं आणि भात काठाखाली, गुरं वर. पावसाळ्यात हिरवागार, उन्हाळ्यात तवा. कोकणात, गोव्यातही हाच शब्द. वास्कोचा सडा ऐकला असेलच.
माळ म्हणजे सडा नव्हे. माळ मुरमाड, उंचावरचा, मोकळा; पण कुदळ तरी शिरते. आणि माळ-मळा यांत गल्लत नको. काना पुढचा मागं झाला की कोरडवाहूचं बागायत होतं!

हद्दगुंडा:
चिकोडी, अथणी, गोकाककडं माळासारख्या हलक्या, कठीण जमिनीला मड्डी म्हणतात. शब्द कानडी, वापर दोन्ही भाषांत.
आडनावाचं असं: मराठीत गावाला 'कर' लागतो आणि शेवटच्या आ चा ए होतो. वाडा-वाडेकर, सडा-सडेकर. पण 'सडे' गावचा माणूसही सडेकरच, आणि सडा नावाच्या वस्त्या एकाहून जास्त. निव्वळ आडनावावरून गाव ठरवू नका. कुलदैवत आणि मूळ गाव विचारा. कानडीत सहसा 'कर' लागत नाही. तिथं गावाचं नाव तसंच आडनाव होतं, नाहीतर 'द' लागतो: कोप्प म्हणजे वाडी, कोप्पद म्हणजे त्या वाडीचा.
घोळ इंग्रजीत होतो. कानडीत ड आणि द वेगळे आहेत, रोमनमध्ये दोन्हींना एकच अक्षर. तिथून परत मराठीत आणलं की सडेकराचा सदेकर. नाव जुळवताना कानडी उतारा समोर ठेवा, रोमन नको.

पाणंद:
आणि खतातला 'सडा'? तो कुणाचा समजायचा?

हद्दगुंडा:
शब्दावरून मालकी कळत नाही. गावनकाशावर आपल्या सर्व्हे नंबराच्या पूर्वेला कुठला नंबर लागतो ते बघा आणि त्याची पहाणी (कर्नाटकातला सातबाऱ्यासारखा उतारा) काढा. गायरान, वन की खासगी, ते तिथं दिसेल. सड्याचा तुकडा आपल्याच नंबरात असला तर बहुतेक 'अ' खराबात (पिकाला नालायक जमिनीत) असतो: क्षेत्रात धरतात, आकारणी नाही. 'ब' खराब म्हणजे रस्ता, नाला, सार्वजनिक. एकूण क्षेत्र वाचून पिकाऊ किती ते धरू नका, खराब वजा करा. खरेदीत माणसं फसतात ती इथंच.