आईला आरपी आहे, त्यात आता मॅक्युलर होल निघालंय. ऑपरेशन करावं का?

कर्वेनगर_वाला:
आई ५८ वर्षांची, आरपी (रेटिनायटिस पिग्मेंटोसा, डोळ्याच्या पडद्याचा आजार, नजर हळूहळू कडेकडून जाते). रात्रीचं आणि कडेचं कधीच गेलंय पण समोरचं नीट दिसायचं, त्यावरच ती तांदूळ निवडायची, पेपर वाचायची. दोन महिन्यांपासून उजव्या डोळ्याने अक्षराचा मधलाच भाग गायब आणि ओळी वाकड्या. ओसीटीत (पडद्याचं स्कॅन) मॅक्युलर होल, म्हणजे पडद्याच्या मधोमध भोक निघालं, ४२० मायक्रॉन. एक डॉक्टर म्हणाले आरपीत करून उपयोग काय, दुसरे म्हणाले उशीर करू नका. आई म्हणते उरलंय त्याला हात लावू नका. उलटं झोपणं वगैरे कसं जमतं?

धायरीकर:
आमच्या बाबांचं वयाने झालेलं होल होतं, आरपी नव्हतं. डोळ्यातली जेली काढून गॅस भरला. तो होलवर टेकून राहावा म्हणून पहिले पाच दिवस मान खाली, आम्ही जेवणाच्या टेबलावर दोन उशा ठेवून मधे फट ठेवली होती, त्यात कपाळ टेकून बसायचे. मानेचे हाल होतात, खोटं कशाला सांगू. गॅस असताना सुरुवातीला काहीच दिसत नाही, मग वरून उजेड येतो आणि पाण्याच्या पातळीसारखी रेष रोज खाली सरकते. विमान बंदच, पण महाबळेश्वर, सिंहगडसुद्धा नको, उंचीवर गॅस फुगून डोळ्यातलं प्रेशर वाढतं.

रेटिना_ओपीडी:
मी ऑप्टोमेट्रिस्ट (डोळे तपासणारा, डॉक्टर नाही) आहे, निर्णय सर्जनचाच. पण दादा, होल बंद होणं आणि नजर येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, घरच्यांची गल्लत इथेच होते. ४०० मायक्रॉनच्या वरच्या होलला हल्ली आयएलएम म्हणजे पडद्यावरचा सगळ्यात आतला पातळ पापुद्रा पूर्ण न काढता उलटा करून होलवर ठेवतात, २०१० पासूनची पद्धत आहे, त्याने मोठी होलंही बंद होतात. नजर मात्र होलच्या भोवती फोटोरिसेप्टरचा (उजेड टिपणाऱ्या पेशींचा) थर किती शिल्लक आहे त्यावर ठरते, म्हणून "ईझेड लाईन कुठपर्यंत आहे" (स्कॅनमध्ये हा थर दाखवणारी रेष) हे ओसीटी समोर धरून विचारा. होल आरपार आहे ना तेही विचारा, आरपीत मॅक्युलाला (पडद्याच्या मधल्या भागाला) सूज येते आणि कधीकधी ती होलसारखी दिसते, तिला आधी थेंब देऊन बघतात. मोतीबिंदूचंही विचारा, या ऑपरेशननंतर तो लवकर वाढतो.

निगडी_आरपी:
मला स्वतःला आरपी आहे, होलचं ऑपरेशन झालंय. चार्टवर एकच ओळ वाढली पण मधला खड्डा गेला, नातीचा चेहरा अखंड दिसतो, मला तेवढं खूप आहे. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं म्हणून सांगते, गॅसचा डोळा बंद आणि दुसऱ्याला नळीतून बघितल्यासारखं, त्यामुळे घरातल्या घरात सुद्धा एकटीला चालता येत नाही. बाथरूमपर्यंत दोरी बांधा, स्टुलं उचला, दोन आठवडे कुणीतरी घरी थांबा. आणि आईंना घाई करू नका, उरलेलं जाईल ही भीती आम्हाला रोज असते.

कर्वेनगर_वाला:
ताई, तुमचं आईला वाचून दाखवलं. सोमवारी ओसीटीचे प्रिंट घेऊन परत जातोय. हो म्हणाली नाहीये अजून, पण मगाशी विचारत होती मान खाली घालून रेडिओ ऐकता येतो का.