"रक्तातच असतं" याबद्दल थोडं

मारामाऱ्या करणाऱ्या, हिंसक पोरांबद्दल एका दादांनी लिहिलंय, 'पोरगं बापावर गेलं, रक्तातच होतं.' बीड जिल्ह्यात शिक्षक आहे, हे वाक्य दरवर्षी कानावर येतं आणि दरवेळी जीव तुटतो.

अशा वागण्यात जनुकांचा वाटा आहेच, तो नाकारत नाही. जुळ्यांवरच्या आणि दत्तक मुलांवरच्या अभ्यासांचा २००२ मधला मोठा आढावा तो साधारण ४० टक्के सांगतो. पण ही टक्केवारी समूहातल्या माणसामाणसांतल्या फरकाची, एकट्या पोराच्या माथ्यावर मारायची नाही.

न्यूझीलंडच्या डनेडिनमध्ये १९७२-७३ साली जन्मलेल्या मुलांचा वर्षानुवर्षं माग ठेवलाय. त्यात एमएओए जनुकाचा (मेंदूतली काही रसायनं मोडण्याचं काम याच्याशी जोडलेलं) कमी सक्रिय प्रकार असलेले मुलगे लहानपणी मारहाण, हेळसांड सोसून मोठे झाले, तेव्हाच जास्त हिंसक निघाले. तेच जनुक, पण घर धड असलं तर फारसा फरक नाही! (पुढच्या सगळ्या अभ्यासांत हे इतकं ठळक आलं नाही, हेही खरं.)

आमच्याकडे दिवाळी झाली की उचल घेतलेले आईबाप ऊसतोडीला जातात. आठवीतल्या एकानं वर्गात बाक उलथवला, दुसऱ्याचं डोकं फोडलं. त्याचं दप्तर उघडलं तर कोरडी भाकरी आणि मिठाची पुडी. सकाळपासून तेवढंच. आजीला दिसत नव्हतं, चूल तोच पेटवायचा. हंगामी वसतिगृहात सोय लावली, तर महिनाभरात मारामाऱ्या कमी झाल्या. जनुकं तीच होती ना?

आणि 'रक्त' म्हणत इंग्रजांनी १८७१ मध्ये अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. १९५२ ला तो कायदा गेला, पण पारध्यांच्या पोराकडे गावात अजून त्याच नजरेनं बघतात.