स्पार्क शिकतोय, जॉइनमधल्या स्क्यूपाशी अडलोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, पायथन आणि एसक्यूएल बऱ्यापैकी येतं, आता अपाचे स्पार्क (मोठा डेटा तुकडे करून एकाच वेळी प्रोसेस करणारं टूल) नीट शिकायचंय. लॅपटॉपवर पायस्पार्क (पायथनमधून स्पार्क) लोकल मोडमध्ये, म्हणजे एकाच मशीनवर, चालवतोय, फिल्टर-सिलेक्ट कितीही लिहा, काउंट किंवा राइट म्हटल्याशिवाय खरं काम सुरूच होत नाही हे समजलं आणि ही लेझी पद्धत मला फार आवडली.

अडलंय ते जॉइनपाशी. एकाच आयडीच्या ओळी भरमसाठ आहेत (यालाच स्क्यू म्हणतात), त्यामुळे ४०४० पोर्टवरच्या स्पार्कच्या यूआयमध्ये बघितलं तर बाकीचे टास्क कधीच संपलेले आणि एक आपला रेंगाळत बसलेला, हिरवी पट्टी लांबच लांब. दुसरं टेबल १० एमबीच्या वर आहे म्हणून आपोआप ब्रॉडकास्ट (लहान टेबलाची पूर्ण प्रत सगळीकडे पाठवणं) होत नाही. स्पार्क ३.२ पासून एक्यूई (चालता चालता प्लॅन सुधारणारी सोय) डीफॉल्ट चालू असतं, पण त्यातलं स्क्यू जॉइन २५६ एमबीपेक्षा मोठ्या पार्टिशनलाच (डेटाच्या तुकड्यालाच) लागू होतं आणि माझं तेवढं नाहीये.

मग ही २५६ एमबीची मर्यादा कमी करून बघू, की सॉल्टिंग (आयडीला रँडम आकडा जोडून त्याच्या ओळी अनेक तुकड्यांत वाटणं) हाताने लिहायला शिकू? माझा कल सॉल्टिंगकडे आहे कारण त्यातून शफल (जॉइनसाठी ओळींची पार्टिशनमध्ये नव्याने वाटणी) आतून कळेल असं वाटतं. आणि शफल पार्टिशन डीफॉल्ट २०० वरच ठेवायचे का लोकलला? रोज स्पार्कवर काम करणाऱ्यांनी प्लीज सांगा, एक्सप्लेनचा प्लॅन (स्पार्क क्वेरी कशी चालवणार ते दाखवणारा) लागला तर टाकतो.