मदत हवी आहे: सायकलच्या वाटेची दर पावसाळ्यात घळ होते. भरत बसू की वाटच वळवू?

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

सोलापुरात शहराच्या कडेला एक सार्वजनिक उद्यान आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे थोडं रडगाणं आहे आणि मला रविवारी तिथेच परत जायचंय. पुढच्या बाजूला हिरवळ, घसरगुंड्या, व्यायामाची लोखंडी यंत्रं. मागे मात्र कडुनिंब, ग्लिरिसिडिया आणि वेड्या बाभळीचं रान, मुरमाड टेकाड आणि टेकाडाच्या पायथ्याला काळ्या मातीची पट्टी. या मागच्या अंगाला अडीच किलोमीटरची माउंटन बायकिंगची ट्रेल आहे. शेळ्यांच्या जुन्या पायवाटा होत्या, चार वर्षांपूर्वी आम्ही सात जणांनी त्या साफ करून एकमेकींना जोडल्या. दर रविवारी सहा ते आठ श्रमदान, मग एक फेरी, मग पोहे. सात जणांत मी एकटी बाई, म्हणून हजेरी, हिशेब आणि अर्ज माझ्याकडे आले. फावडंही माझ्याकडे असतं, हे आपलं सांगून ठेवते.

परवानगीचं म्हणाल तर अर्जाची पोचपावती आहे आणि "करा, पण झाडाला हात लावू नका" असं तोंडी उत्तर आहे. लेखी काही नाही. तीनदा जाऊन आले, तिन्ही वेळा साहेब साइटवर होते.

आता दुखणं. टेकाडावरून उतरणारा साठेक फुटांचा एक तुकडा आहे. पहिल्या वर्षी तिथे नुसती चाकोरी पडली होती. दुसऱ्या वर्षी वीतभर खोल झाली. यंदा हस्ताचा पाऊस झाल्यावर जाऊन बघितलं तर माझ्या गुडघ्याएवढी घळ. एका बाजूच्या कडुनिंबाची मुळं उघडी पडलीत आणि त्यातल्या अंगठ्याएवढ्या मुळाची साल पेडल लागून लागून निघालीय, आत पांढरट ओलं दिसतं. ते बघून मात्र पोटात कालवलं. झाडाला हात लावू नका म्हणाले होते, आम्ही पाय लावला.

आजवर केलेले उपाय सांगते, म्हणजे तेच परत सुचवू नका. मे महिन्यात वर्गणी काढून छोटा हत्ती भरून मुरूम आणला, घळीत ओतला, पायांनी तुडवला. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात तो सगळा खाली चालण्याच्या रस्त्यावर जाऊन बसला. सकाळी फिरायला येणारे एक काका आमच्यातल्या पोराला म्हणाले, "काय बे, सायकलसाठी गटार खणलंय का?" मग कुणाच्या तरी घराच्या कामातून उरलेले शहाबादी फरशीचे तुकडे बसवले. ते कोरडे असताना छान, दव पडलं की साबण. एकाचं पुढचं चाक सटकलं आणि मनगटाला प्लास्टर. फरश्या त्याच दिवशी उचलल्या. तिसरा उपाय त्यातल्या त्यात देखणा होता. वाटेच्या दोन्ही कडांना दगडांची रांग लावली, दगडांना चुना मारला आणि पंधरा ऑगस्टच्या आधी सगळी वाट खराट्याने लख्ख झाडून काढली. पाचोळा नाही, गवताची काडी नाही. फोटो इतके सुंदर आले की काय सांगू. तरी सप्टेंबरात घळ वाढलीच.

घळ चुकवायला लोक आता दोन्ही बाजूंनी जातात, त्यामुळे तीन फुटांची वाट दहा फूट रुंद झालीय.

आमच्यातले एक दादा गवंडीकाम करतात. परवा त्यांनी लेव्हलची पाण्याची नळी आणून मापं काढली. वाटेला २० फुटांत साडेतीन फूट उतार आहे. आणि वाट सोडून टेकाडाला सरळ खाली मापलं तर २० फुटांत चार फूट. आकडे वहीत लिहिलेत, पण त्यांचं करायचं काय ते कळत नाही.

तर मला विचारायचंय ते असं. ही घळ कशाने भरली तर टिकेल? सिमेंट टाका म्हणणारे आहेत, माझं मन घेत नाही. की हा तुकडा सोडून बाजूने नवी वाट काढावी? बाजूला झाड तोडावं लागणार नाही एवढी मोकळी जागा आहे. आणि खालच्या काळ्या मातीच्या पट्टीत पाऊस झाल्यावर सायकल घालावी का? चाकाला माती अशी लपेटते की फ्रेममध्ये अडकून चाक फिरायचं थांबतं, खांद्यावर सायकल घेऊन यावं लागतं.

(सराट्यांवर उपाय विचारत नाही. काटे वाळून टणक व्हायच्या आत वेल मुळासकट उपटायचे आणि ट्यूबलेसमध्ये सीलंट घालायचं, एवढं आम्ही पंक्चर काढून काढून शिकलो. मार्च-एप्रिलमध्ये टिटवीने वाटेवरच चार अंडी घातली होती, तेव्हा तेवढा भाग महिनाभर दोरी बांधून बंद ठेवला. टिटवी उंचावर अंडी घालते तेव्हा पाऊस जोरात होतो असं तिथले माळीमामा तेव्हाच म्हणाले होते. तेव्हा हसलो.)

प्रतिसाद, पुण्याहून

ताई, उत्तर तुमच्या वहीतच आहे. तुमच्या वाटेचा उतार साडेसतरा टक्के, टेकाडाचा वीस. म्हणजे वाट टेकाडाला आडवी जातच नाही, जवळजवळ नाकासमोर खाली पडते. पाण्यालाही तोच रस्ता हवा असतो. अशा जागी मुरूम भरा, खडी भरा, पुढच्या वर्षी खालीच सापडणार.

ट्रेल बांधणारे एक अर्ध्याचा नियम पाळतात. वाटेचा उतार टेकाडाच्या त्या जागच्या उताराच्या निम्म्याहून जास्त असू नये. इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन ही १९८८ साली अमेरिकेत सुरू झालेली संघटना आहे, तिने शिकवून शिकवून हा नियम जगभर नेला. एकूण वाटेचा सरासरी उतार दहा टक्क्यांच्या आत ठेवा, हेही त्यांचंच सांगणं. तुमच्या जागी दोन्ही हिशेबांनी दहा हीच मर्यादा येते. मी आठ धरीन. साठ फुटांत तुम्ही साडेदहा फूट उतरता. तेच आठ टक्क्यांनी उतरायचं तर साधारण १३० फूट वाट लागेल. जागा असेल तर एकाच आडव्या रेषेत, नसेल तर मधे एक वळण.

नवी वाट करताना खालची कडा किंचित झुकती ठेवा, तीन फूट रुंदीला दोनेक इंच. पाणी वाटेवरून आडवं जाऊ दे, वाटेने चालू देऊ नका. आणि दर तीस-चाळीस फुटांवर उतरती वाट चार पावलं चढवा. त्या खोलगटात पाणी बाहेर पडतं आणि सायकलवाल्याला झुल्यासारखी मजा येते. वेग आपोआप कमी होतो, ब्रेक मारून मागचं चाक घासटत नेणंही थांबतं. तुमची अर्धी घळ त्या घासटण्यानेच झाली असणार.

प्रतिसाद

त्या चुन्याच्या दगडांबद्दल कुणीच कसं बोललं नाही? दोन्ही कडांना दगड लावले म्हणजे वाटेचा पाट केला की हो. आत आलेलं पाणी बाहेर पडणार कुठून? निदान खालच्या अंगाची रांग आजच्या आज उचला. खराटाही घरी ठेवा. पाचोळा आणि गवताची मुळं थेंबाचा मार झेलतात, तुम्ही माती उघडी करून पावसाच्या हाती दिलीत. फांद्या, काच, सराटे एवढंच उचलायचं, बाकी पडू दे.

मी पाणलोटाच्या कामावर होतो, म्हणून घळीचं सांगतो. ती भरू नका. आडवे अनगड दगडी बांध घाला, खालून वर असे, दर आठ-दहा फुटांवर एक. उंची फूटभर पुरे. मधला भाग कडांपेक्षा खोलगट ठेवा, नाहीतर पाणी बाजूने फोडून नवी घळ करेल. गाळ आपसूक साचेल. चुन्याचे दगड तिथे कामाला येतील. वर वेड्या बाभळीच्या वाळक्या फांद्या टाका म्हणजे सायकल जाणार नाही आणि शेळीही जाणार नाही. मुळांवर हलकी माती पसरा, ढीग करू नका.

खोदकाम कधी, तर वाफसा आल्यावर, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी झाल्यावर. शेतकऱ्याच्या पोराला विचारा, तो मूठ आवळून सांगेल. कोरडा मुरूम तुडवून बसत नाही, मे महिन्यात तुमचे पैसे तिथेच गेले. आणि वाट उताराच्या पोटात कापून पूर्ण बसवा. खोदलेली माती खालच्या कडेला टाकून रुंदी वाढवायची नाही, ती कडा पहिल्या पावसात ढासळते.

काळ्या मातीचं उत्तर एका वाक्यात. चप्पल घालून चार पावलं चाला, चप्पल जड झाली तर सायकल नको. ती माती पाण्याने फुगते आणि वाळली की भेगाळते. ओल्यात पडलेली चाकोरी वाळून दगड होते आणि पुढे तिच्यातच पाणी धरतं.

प्रतिसाद

तोंडी परवानगीवर नवीन रेषा खोदू नका. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. झाड तोडायलाच नव्हे, त्याला इजा पोचेल असं काही करायलाही परवानगी लागते. तुमची उघडी मुळं उद्या कुणी फोटो काढून दाखवली तर सात जणांची नावं अर्जावर आहेतच. उलट तोच फोटो तुम्ही आधी द्या, आम्हाला वाट झाडापासून लांब न्यायची आहे म्हणा. नकाशा, मापं, कोणती हत्यारं वापरणार, सगळं एका पानात.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. आधी कबुली देते, चुना मीच मारला होता. पाट केलात म्हणालात तेव्हा पाच मिनिटं राग आला. मग रविवारी खालच्या अंगाचे दहा-बारा दगड काढले, कडेची माती कुदळीने खरवडून उतरती केली आणि वरून तीन बादल्या पाणी ओतलं. दोन बादल्या नेहमीसारख्या घळीत गेल्या. तिसरीचं पाणी त्या काढलेल्या दगडांच्या जागेवरून आडवं वळून गवतात शिरलं. आम्ही सात माणसं वाकून एक बादली पाणी बघत होतो, माळीमामांना वाटलं साप निघाला.

घळीत तीन बांध झालेत, दोन बाकी आहेत. नव्या रेषेला अजून कुदळ लावलेली नाही. नळीने आठ टक्के धरून तिच्यावर खुंट्या ठोकल्या आणि यंत्रमागावरून आणलेल्या लाल चिंध्या बांधल्या. रेषा १४० फूट भरली, मधे एक वळण. कडुनिंबापासून पंधरा फूट लांब आहे. फोटोसकट एक पानी अर्ज सोमवारी दिला. यावेळी साहेब जागेवर होते, येत्या आठवड्यात येऊन चिंध्या बघतो म्हणालेत.

एकच नवी अडचण आहे. वळण नेमकं फिरायला येणाऱ्या मंडळींच्या बाकाजवळ येतं, जेमतेम तीन पावलांवर. म्हणून गटार म्हणणाऱ्या काकांनाच रेषेवरून चालवून आणलं. ते बाकावर बसले, वळणाकडे बघितलं, मला म्हणाले, "मग बाक हलवा की. इथं तसंही ऊन येतंय."

बाक लोखंडी आहे, पाय सिमेंटमध्ये आहेत. त्यासाठी वेगळा अर्ज लागतो का, कुणाला माहीत असेल तर सांगा.