मदत हवी आहे: खाणीचा लेझर स्कॅन आणि ड्रोनचं मॉडेल जुळेना

डोंगरवाट: कोरेगाव बाजूला काळ्या दगडाची खाण आहे, लेझर स्कॅन झालाय, ड्रोनपण उडवून झालाय, दोन्हींतून बनलेले खाणीचे सरफेस (पृष्ठभागाची मॉडेलं) एकमेकांवर टाकले की कडेला बरोबर बसतायत आणि तळाला दीड फूट फरक येतोय. किती ब्रास दगड निघाला ते कशावरून काढू? सोमवारी रिपोर्ट द्यायचाय, लवकर सांगा.

माणदेशी: उंची कुठली घेतलीय? ड्रोनची जीपीएस उंची एलिप्सॉइडवरची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली असते, आपल्याकडं ती समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा साठ-सत्तर मीटरनं कमी येते.

डोंगरवाट: दोन्ही एकाच बेंचमार्कवर (उंची माहीत असलेल्या खुणेवर) आहेत हो. तसं असतं तर कडेलापण फरक आला असता.

जुना_सर्व्हेअर: ईटीएस (कोन-अंतर मोजायचं टोटल स्टेशन) लावा, विषय संपला. बरीच वर्षं सरकारी मोजणीपण ईटीएसनं व्हायची.

कृष्णाकाठ: काका, खाणीच्या उभ्या बेंचवर (पायरीवर) ईटीएसचा किरण परत फेकणारा प्रिझम घेऊन माणूस कुठं चढवायचा?

जुना_सर्व्हेअर: रिफ्लेक्टरलेस असतं की, प्रिझमशिवाय मोजतं.

सांगलीकर_९: परवानगी काढली का? ड्रोनला ग्रीन झोनमध्ये 400 फुटांपर्यंत लागत नाही, पण झोनचा नकाशा सरकारच्या डिजिटल स्काय साइटवर बघूनच उडवा.

कृष्णाकाठ: दादा, जीसीपी, म्हणजे जमिनीवरच्या मोजलेल्या खुणा, कुठं कुठं टाकलेत? फोटो सगळे सरळ खाली बघून काढलेत का? आणि स्कॅन नि ड्रोन एकाच दिवशी?

डोंगरवाट: जीसीपी वर कडेनं चारी बाजूला, खाली डंपर चालू असतात. फोटो सरळच. मधे एक ब्लास्ट झाला, पण तो पूर्वेच्या बेंचवर. तळाला थोडं पाणीपण आहे.

कृष्णाकाठ: मग हेच. कॅमेऱ्याच्या लेन्सचं कॅलिब्रेशन (लेन्समुळं फोटो किती वाकतो ते) सॉफ्टवेअर स्वतः काढतं, सगळे फोटो सरळ असले की त्यात चूक राहते आणि मॉडेल मधे फुगतं नाहीतर खचतं, कडेला जीसीपीनं धरून ठेवल्यामुळं तिथं कळतच नाही. परत उडवायची गरज नाही. पश्चिमेच्या बेंचवर आणि तळाला दगडाचे ठळक कोपरे स्कॅनमधून निवडा, तेच फोटोत मार्क करून जीसीपी म्हणून द्या, दोन-तीन तपासायला बाजूला ठेवा. पूर्वेचे नको, तिथला दगड हललाय. पुढच्या वेळी मात्र तिरके फोटो घ्याच.

माणदेशी: 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट, 2.83 घनमीटर. घनमीटरचे ब्रास करताना बघा.

डोंगरवाट: प्रोसेसिंगला लावलं. पाण्याच्या जागेचं काय? स्कॅनमध्ये तिथं भोक आहे आणि ड्रोनमध्ये नुसते उंचवटे.

कृष्णाकाठ: तेवढा भाग दोन्हीतून कापा, दोन्हीवर भरवसा नको.

जुना_सर्व्हेअर: म्हणून म्हणत होतो. पाण्यात प्रिझमचा पोल उभा करा आणि ईटीएसनं तळाचे पॉइंट घ्या, गुडघाभर असेल तर तासाभरात होतंय.