थकलेल्या व्याजाचं एफआयटीएल (व्याजाचंच केलेलं नवं मुदत कर्ज) झालं, आयकर कायद्याच्या ४३बी (ठरावीक खर्च प्रत्यक्ष भरले तरच वजावट देणारं कलम) खाली वजावट मिळेल का?

सूतगिरणी_हिशेब: २०२४-२५ साठी एका सायझिंग युनिटचं मुदत कर्जावरचं व्याज ९,१०,००० झालं. रोखीने भरलं २,७०,०००. उरलेल्या ६,४०,००० साठी त्याच सहकारी बँकेने मार्चमध्ये एफआयटीएल खातं उघडून ती रक्कम मूळ खात्याला जमा दाखवली. आता मूळ खात्यावर व्याजाची थकबाकी शून्य. एफआयटीएलचे हप्ते महिना ४०,००० चे, नोव्हेंबर २०२५ पासून. बँकेचा उताराच ‘व्याज वसूल’ म्हणतो, मग पूर्ण ९,१०,००० धरायचे ना?

कलमकसाई: नाही. ४३बी चं स्पष्टीकरण ३डी नेमकं याच जमाखर्चासाठी आहे: व्याजाचं कर्जात रूपांतर म्हणजे प्रत्यक्ष भरणा नव्हे. सहकारी बँका कर निर्धारण वर्ष २०१८-१९ पासून यात आल्या. ६,४०,००० करपात्र उत्पन्नात परत मिळवा आणि ३सीडीच्या (कर लेखापरीक्षण अहवालाचा फॉर्म) क्लॉज २६ मध्ये दाखवा.

व्हाउचर_नाना: एम. एम. अ‍ॅक्वा या कंपनीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०२१ ला करदात्याच्या बाजूने निकाल दिलाय की!

कलमकसाई: नाना, तिथे व्याजापोटी डिबेंचर (कर्जरोखे) दिले होते. शिवाय २०२२ च्या वित्त कायद्याने डिबेंचर आणि देणं पुढे ढकलणारा कुठलाही दस्त त्याच रांगेत बसवला, कर निर्धारण वर्ष २०२३-२४ पासून. तो दरवाजा बंद झाला.

वजावट बुडत मात्र नाही. सीबीडीटीचं (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचं) २००६ चं परिपत्रक ७ सांगतं, रूपांतरित व्याज ज्या वर्षी खरोखर भराल त्या वर्षी ते मिळतं, बँकेने त्याला काहीही नाव दिलं तरी. म्हणजे नोव्हेंबर ते मार्च ५ हप्ते वेळेवर गेले तर २०२५-२६ मध्ये २,००,०००. इथेच बहुतेक जण चुकतात: पुस्तकात हप्ता ‘कर्जफेड’ म्हणून पडतो, नफा-तोट्यात दिसत नाही, आणि वजावट मागायची राहून जाते. एफआयटीएलचं लेजर वेगळं ठेवा. त्या खात्यावर नव्याने लागणारं व्याज त्यात मिसळू नका, त्याची ४३बी ची तपासणी स्वतंत्र.

सूतगिरणी_हिशेब: आणि हप्ता त्याच बँकेच्या सीसीतून (कॅश क्रेडिट खात्यातून) गेला तर?

व्हाउचर_नाना: गिऱ्हाइकांचे चेक सीसीत जमा होतायत आणि ड्रॉइंग पॉवर (उचल करायची मर्यादा) शिल्लक आहे, तर बाजू भक्कम. पण हप्ता भागावा म्हणून बँकेने तेवढीच तात्पुरती जादा मर्यादा दिली, तर अधिकारी विचारणारच की पैसा आला कुठून. जमा आधी, नावे नंतर, असा तारीखवार उतारा फायलीत लावून ठेवा. दुसऱ्या बँकेतून पैसे उचलून भरलं तर हा प्रश्नच येत नाही, तो सरळ भरणा.