‘फ्रॅजाइल स्टेट’ला मराठीत काय म्हणावे?

दवबिंदू : परकीय मदतीविषयीच्या एका लेखाचे भाषांतर करीत आहे. मी लिहिलेले ‘नाजूक राष्ट्र’ खोडून संपादकांनी ‘अस्थिर राज्य’ केले. परंतु ‘राज्य’ म्हटले की आपल्या वाचकाला बिहार किंवा केरळ आठवते आणि ‘अस्थिर’ म्हटले की पडू घातलेले सरकार. लेखातला पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया हा देश २००३ साली यादवीतून बाहेर पडला, तेव्हा करवसुली, पोलीस, न्यायालये अशी सारी यंत्रणाच मोडकळीस आली होती. हे एका शब्दात कसे आणावे?

औदुंबर : ‘भंगुर राज्यसंस्था’ लिहावे. शिवकाळात राज्यव्यवहारकोश सिद्ध करणाऱ्यांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. आपण निदान हाताशी असलेले तरी वापरावेत.

चकोर : मी असहमत आहे. ‘भंगुर’ म्हणजे फुटणारच, असा निकाल त्यात आधीच लागलेला आहे. देशांची क्रमवारी लावणाऱ्या ‘फेल्ड स्टेट्स इंडेक्स’चे, म्हणजे ‘अपयशी राज्यसंस्थां’च्या निर्देशांकाचे, नाव २०१४ मध्ये बदलून ‘फ्रॅजाइल’ केले गेले, आणि त्याआधीच, २०१० साली, अशा देशांनी तिमोर-लेस्तेची राजधानी दिली येथे ‘जी-सेव्हन प्लस’ हा स्वतःचा गट स्थापन केला. ज्यांना सावरायचे आहे त्यांच्यासाठी ‘डळमळीत’ हा शब्द अधिक न्याय्य आहे.

बांधावरून : मला ‘मदत’ या शब्दाचीच अधिक अडचण वाटते, कारण त्यात पूरग्रस्तांचे धान्यही येते आणि लायबेरियातील प्रयोगही. आमचे आजोबा ‘तगाई’ म्हणत : विहिरीसाठी, बैलांसाठी, बियाण्यासाठी सरकारने दिलेली रक्कम. हा शब्द ‘तकावी’वरून आला असून त्याच्या अरबी मुळाशी ‘बळ देणे’ हा अर्थ आहे. लायबेरियात मदत देणाऱ्यांशी २००५ साली झालेल्या ‘गेमॅप’ या आर्थिक कारभाराच्या करारानुसार बंदर, विमानतळ यांसारख्या महसुली संस्थांत परकीय तज्ज्ञ बसवले गेले आणि त्यांच्या सहीवाचून खर्च होईना. पुढे महसूल वाढला आणि जून २०१० मध्ये सुमारे ४.६ अब्ज डॉलरच्या कर्जातून देशाची सुटका झाली. वसुली करण्याची ताकद आली, यालाच मी बळ म्हणतो.

औदुंबर : तिजोरीवर परक्याची सही चालते, त्या व्यवस्थेला साहाय्य कसे म्हणायचे? वसईच्या तहाने १८०२ साली आपल्याकडेही स्थैर्यच आले होते, आणि त्याचे नाव ‘तैनाती फौज’ होते.

चकोर : ही तुलना मला मान्य नाही. तैनाती फौजेचा खर्च आश्रिताने मुलूख तोडून द्यायचा असे. येथे पैसा उलट दिशेने येत होता आणि करार मुदतीचा होता. सहीपेक्षा मला अफगाणिस्तानचे उदाहरण अधिक चिंतेचे वाटते. तेथे ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानची सत्ता येण्यापूर्वी सरकारी खर्चाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग परकीय अनुदानातून भागत होता, त्यामुळे ते थांबताच शिक्षकांचे आणि आरोग्यसेवकांचे पगार थांबले. मदतीने शाळा चालल्या, परंतु त्या चालवू शकेल असा स्वतःचा महसूल उभा राहिला नाही.

दवबिंदू : मग लेखात ‘तगाई’ चालेल का? तरुण वाचकाला तो शब्द ठाऊक नसेल, अशी शंका वाटते. शिवाय ‘स्टेट’चा प्रश्न तसाच आहे.

औदुंबर : तगाई फेडावी लागते. लायबेरियाचे तर कर्जच माफ झाले. त्याला तगाई म्हणणे अर्थाने चूक आहे.

बांधावरून : दुष्काळात तगाईही माफ होत असे.